झाकणाच्या आतलं गाव

मित्रांनो, वय लपवायची सोय मला नाही. माझ्या पोटावरच १८६७ हा आकडा रंगवलेला आहे. मी एक जुनी पेटी आहे, पाइनच्या लाकडाची, गोल झाकणाची, लोखंडी पट्ट्या मारलेली. दिसायला मी अजूनही बरी आहे, असं मला वाटतं.

माझा जन्म नॉर्वे देशातल्या लिंदाल नावाच्या दरीतला. मध्ये लांबच लांब तळं आणि दोन्ही बाजूंच्या उतारांवर चाळीस वस्त्या. एका वस्तीवरून दुसरीला हाक मारली तर ऐकू जायची नाही, इतक्या त्या लांब. रविवारी मात्र सगळे होड्या वल्हवत पांढऱ्या लाकडी चर्चला यायचे. तिथला पाद्री सगळ्या दरीचे जन्म, लग्नं आणि मृत्यू एका जाड वहीत लिहायचा. पुढे त्यांनी आपली पंचायतही निवडली. तिची बैठक शाळेत भरायची. धिप्पाड शेतकरी मुलांच्या बाकांवर गुडघे अडकवून बसायचे आणि तळ्यावरच्या पुलावरून तासन्‌तास भांडायचे. मला घडवणारा सुतार पंचायतीत होता. रंधा मारताना तो पुलाबद्दल इतकं बोलायचा, की तो पूल न पाहताही मला तोंडपाठ झाला.

एकोणीस वर्षांच्या केर्स्टीला अमेरिकेला जायचं होतं, म्हणून तिच्या वडिलांनी मला करवून घेतलं. दारोदार फिरणारा एक रंगारी आला, तीन दिवस पोटभर जेवला, आणि माझ्या निळ्या अंगावर त्यानं लाल-पिवळी फुलं काढली. समोर लिहिलं, ‘केर्स्टी ओल्सदातर ब्रेक्के’. तो गेल्यावर वडिलांनी उरलेला काळा रंग घेतला आणि माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्वतः एकच शब्द लिहिला, ‘लिंदाल’. अक्षर वेडंवाकडं होतं. ते म्हणाले, “उघडशील तेव्हा दिसेल.”

आम्ही दोघी इलिनॉयला आलो. केर्स्टीनं त्याच दरीतल्या एका मुलाशी लग्न केलं आणि दोघं लिंदाल हे आडनाव लावू लागली. माझ्यात लोकरी शाली होत्या, बाळाचं बारशाचं झबलं होतं. पाहुणे आले की आधी माझं कौतुक व्हायचं. मी फुगून जायचे.

केर्स्टी गेली आणि माझेही दिवस फिरले. तिच्या नातवानं मला गोठ्यात नेऊन माझ्यात काजळीनं माखलेले रॉकेलचे कंदील ठेवले. झाकण आतून काळंकुट्ट झालं आणि लिंदाल त्या काजळीखाली गेलं. त्या नातवाची मुलगी रूथ. ती शाळेत लायब्ररियन होती, लग्न केलं नाही, इलिनॉयमधल्याच शॉमबर्ग गावात घर घेतलं आणि वडिलांच्या सामानाबरोबर मी तिच्या तळघरात आले. तिनं मला कधी टाकलं नाही आणि कधी उघडलंही नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात रूथला सत्त्याऐंशी पूर्ण झाली. पुतणीकडे आयोवाला कायमचं जायचं ठरलं. रविवारी ट्रक येणार होता. शुक्रवारी तिनं नको असलेलं सामान गॅरेजसमोर मांडलं आणि माझ्यावर कागद चिकटवला, ‘फुकट. घेऊन जा.’

शेजारच्या कांचनकाकू आल्या. तीस वर्षांचा शेजार. त्या दोघी बोलायच्या इंग्रजीत, पण मी तुम्हाला मराठीत सांगते.

“रूथ, ही फुकट? अगं, फुलं तरी बघ हिच्यावरची!”

“ती आमची नाही कांचन. कुणा ब्रेक्के बाईची आहे. गोठ्यात पडून होती. आम्ही लिंदाल.”

मित्रांनो, मला किती लागलं म्हणून सांगू! तिच्या पणजीच्या शाली मी सांभाळल्या, आणि मी परकी. पण बोलायला मला तोंड कुठे आहे?

रूथ टेकायला म्हणून माझ्यावरच बसली. “मी लिंदालला जाऊन आले होते, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली. ऑफिसात माणूस म्हणाला, ‘लिंदालची पंचायत आता नाही, चौसष्ट साली शेजारच्यात मिसळली.’ वही काढून त्यानं विचारलं, ‘तुमची वस्ती कोणती? इथे चाळीस आहेत.’ मला सांगताच येईना. दोन दिवस बसच्या खिडकीतून एकेक घर बघत होते. यातलं आपलं कुठलं असेल? तशीच परत आले. आता काही जाणं होणार नाही.”

कांचनकाकू तिच्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, “आमचं माळुंजे तर धरणातच गेलं. घरं, देऊळ, शाळा, सगळं. ग्रामपंचायतसुद्धा बरखास्त. तुझं निदान पाण्याच्या वर आहे.”

दोघी हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. संध्याकाळी काकूंचा मुलगा मिहीर मला ढकलगाडीवरून त्यांच्या गॅरेजात घेऊन गेला. “आई, जागा कुठेय? मंडळाच्या गणपतीचं मखर पण इथेच, आता हे!”

“मखर हिच्यातच राहील. तू नको काळजी करू. तू फक्त गाडी नीट पार्क कर.”

शनिवारी सकाळी काकूंनी कोमट पाणी, साबण आणि जुन्या सुती साडीचं फडकं घेतलं. मदतीला नात अंतरा, अकरा वर्षांची. केर्स्टी गेल्यापासून मला कुणी इतक्या मायेनं पुसलं नव्हतं. मला गुदगुल्या होत होत्या. अंतरा झाकणाच्या आत घासत होती, ती एकदम थांबली.

“आजी, देअर्ज समथिंग रिटन हिअर. एल, आय, एन... लिंदाल! दॅट्स मिस रूथ्स लास्ट नेम!”

काकूंनी चष्मा लावला. झाकणाच्या आत बघितलं, मग पुढे येऊन माझ्या पोटावरच्या नावावर बोट ठेवलं. केर्स्टी. ओल्सदातर. ब्रेक्के.

“अंतरा, तुझं पूर्ण नाव सांग.”

“अंतरा मिहीर माळुंजकर. व्हाय?”

“माळुंजकर का?”

“बिकॉज... दॅट्स अवर नेम?”

“अगं, माळुंज्याचे म्हणून माळुंजकर! पहिलं आपलं, मधलं वडिलांचं, शेवटचं गावाचं. तुझ्या आजोबांचे सख्खे काका खेडला राहायला गेले, ते खेडकर झाले. घर एकच, आडनावं दोन. हे बघ. केर्स्टी. मधलं ओल्सदातर, म्हणजे ओलची डॉटर असणार. आणि ब्रेक्के हे माणूस नाहीच. ती वस्ती आहे, लिंदालमधली!”

कितीतरी वर्षं मी याचीच वाट बघत होते. अगदी असंच होतं, मित्रांनो. आमच्याकडे माणूस ज्या वस्तीवर राही, तिचं नाव लावी. वस्ती बदलली की नावही बदले. केर्स्टी ब्रेक्केची, तिचा नवरा तळ्यापलीकडच्या दुसऱ्या वस्तीचा. अमेरिकेत ना ही वस्ती होती, ना ती. दोघांची मिळून सामाईक अशी दरी तेवढी होती, म्हणून ते लिंदाल झाले. माझं अंग पुसून ते वाचलं एका माळुंजकरणीनं.

काकू हातातल्या ओल्या फडक्यासकट शेजारी धावल्या. रूथ आली, घरच्या बायबलमध्ये जपून ठेवलेला जुना कागद घेऊन. त्यावर होतं, ‘केर्स्टी, ओलची मुलगी, लिंदाल’. केर्स्टी नावाच्या तेव्हा खूप मुली असायच्या, म्हणून रूथनं कागदावरचं आणि माझ्यावरचं नाव कधी जुळवून पाहिलंच नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांनी ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. अंतरानं फोनवरच्या नकाशात शोधून दाखवलं, चर्चच्या वरच्या अंगाला हिरव्या उतारावर एक छप्पर आणि शेजारी नाव, ब्रेक्के. मीही डोकावले. छप्पर बदललंय. उतार तोच आहे.

“मी या घरासमोरून गेले होते,” रूथ म्हणाली. “दोनदा.” आणि तिनं माझ्यावर डोकं ठेवलं. “मी हिला फुकट लिहिलं, कांचन.”

“लिहिलंस ते लिहिलंस. आता घेऊन जा.”

“तुला ती हवी होती ना?”

“हवी होती,” काकू म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नाही. “पण मखर काय, खोक्यातही मावतं.”

फडकं पिळण्याच्या निमित्तानं त्या पाठमोऱ्या झाल्या. माळुंज्याची एक वाटीसुद्धा त्यांच्यापाशी उरलेली नाही, हे मला तेव्हा कळलं.

रूथलाही कळलं असावं. रविवारी ट्रक येऊन उभा राहिला तेव्हा तिनं काळा मार्कर आणला आणि माझं झाकण उघडून काकूंपुढे धरला. “लिंदालच्या खाली लिही. तुझ्या गावाचं नाव, तुझ्या लिपीत.”

काकूंनी मार्कर घेतला. केर्स्टीच्या वडिलांसारखंच वेडंवाकडं अक्षर आलं, ‘माळुंजे’.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी अडगळीत पडलेलं असेल. त्याच्यावर कागद चिकटवायच्या आधी एकदा ओलं फडकं फिरवा. आपल्याला वाचता आलं नाही, तर शेजारी विचारा. आणि आपलं आडनाव कुठून आलं, हे सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारून ठेवा.

सध्या मी आयोवात रूथच्या खिडकीखाली असते. रोज सकाळी ती झाकण उघडते आणि दोन्ही नावांवर बोट फिरवून ती मोठ्यानं म्हणते. ‘ळ’ तिला अजून जमत नाही. दर रविवारी कांचनकाकू फोनवर तो तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात.