चिऱ्यांवरची फियाट

भास्करअण्णा आपल्या फियाटचं ऑईल घरीच बदलत. गॅरेजमध्ये नट फार आवळून ठेवतात, ही त्यांची जुनी तक्रार. दुसऱ्या दिवशी संगमेश्वरला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी त्यांनी अंगणात गाडीची पुढची बाजू जॅकने उचलली. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे दोन-दोन चिरे रचले, जॅक काढून गाडी त्यांच्यावर टेकवली आणि खाली गोणपाट अंथरलं.

त्यांची मुलगी भार्गवी पायरीवर बसून बघत होती. गेल्या जूनमध्येच ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. डावीकडच्या वरच्या चिऱ्यावर तिची नजर अडली. कुंपणासाठी गेल्या आठवड्यात खाणीतून आलेल्या चिऱ्यांतला तो. अजून ओलसर, आणि अंगावर रुपयाएवढा पिवळा डाग. तिने केसातली पिन काढून डागात टोचली. ती सरळ आत गेली.

"अण्णा, खाली जाऊ नका."

"का गो? मांजर आडवी गेली?"

"ह्या चिऱ्याच्या पोटात माती आहे."

"अगो, चिऱ्यांवर अख्खं घर उभं आहे आपलं!"

"घर भिंतभर टेकलंय. गाडीचं चार बोटं लोखंड तेवढं चिऱ्यावर टेकलंय. आणि घराच्या खाली कुणी झोपत नाही."

खिडकीतून भार्गवीची आई उमाताई म्हणाल्या, "अहो, ऐका तिचं. इतकी शिकवलीत ती कशाला?"

"बारा वर्षं जातोय मी गाडीखाली. मेलो का?" अण्णा गोणपाटावर गुडघे टेकत म्हणाले.

बारा वर्षं काही झालं नाही म्हणजे आज होणार नाही, असं नव्हे; पण हे बोलून दाखवलं तर हट्टाने ते आधी खाली शिरतील, हे भार्गवीला पक्कं ठाऊक होतं. तिने सूर बदलला.

"दोन मिनिटं द्या. नट सोडवताना गाडीला हिसका बसतोच ना? तो आधी बाहेरून देऊन बघू. टिकली, तर ऑईल धरायचं घमेलं मी सरकवते. एक शब्द बोलणार नाही."

अण्णा कुरकुरत उठले. दोघांनी बाजूने गाडी रेटली. काही नाही. पुन्हा रेटली.

"झालं समाधान, मास्तरीणबाई?"

"अजून एकदा."

तिसऱ्या खेपेला सुका नारळ फुटावा तसा आवाज झाला. चिरा उभा चिरला आणि गाडी डाव्या अंगाला धपकन खाली बसली. चाक जमिनीवर आलं. भार्गवी वाकली. इंजिनाखालच्या फटीत तिने वीत उभी धरून पाहिली. मावली नाही.

अण्णांनीही ते पाहिलं. त्यांनी गोणपाट ओढून काढलं, झटकलं, घडी घातली. मग जॅक लावला, उरलेले चिरे काढले आणि गाडी चारी चाकांवर आणली.

"आता उद्या बसने जायचं?" उमाताईंनी विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. मागीलदारी पावसाचं पाणी जायला कातळात खोदलेला चर होता. आता ठणठणीत कोरडा, कमरेइतका खोल. "गाडी उचलायलाच कशाला हवी? आपणच खाली उतरू."

भार्गवीने चराची रुंदी आणि चाकांमधलं अंतर पट्टीने मोजलं. दोन्ही बाजूंना वीतभर कातळ सुटत होता. अण्णांनी गाडी हळूहळू चरावर आणली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला. इंजिन निवून कोमट होईपर्यंत चहा झाला. मग ते चरात उतरले.

"घमेलं नीट धरा. थेंब सांडला तर कातळातून विहिरीत जाईल."

"हो, मास्तरीणबाई." आवाज चरातून घुमून आला. नट सोडवण्याआधी ते थांबले. "भार्गवी, तो फुटका चिरा टाकलास का गो?"

"नाही. का?"

"दोन्ही तुकडे आण, मागच्या एका चाकाला मागेपुढे लाव, गाडी हलायला नको. तेवढ्या कामाला चालेल तो."