खुराड्यातली ओल

ब्राह्मणाच्या घरात कोंबड्या कशा आल्या, हे सांगून सांगून हसनाबादेत माझं तोंड दुखायची वेळ आली. मागच्या खोलीतला भाडेकरू सोमेश्वर याची बदली झाली. "काकू, माझ्या कोंबड्या आठ दिवस सांभाळा, येऊन घेऊन जातो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. फोनवर त्याची चांगली हजेरी घ्यायची मी ठरवलं होतं, पण तेवढ्यात आमचे हे अंथरुणातून उठले.

ह्यांचं नाव वामन. रिटायर झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मुलगा पार्थ पुण्याहून रोज फोन करायचा. मी रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. काही फरक नाही. आणि कोंबड्या भुकेल्या ओरडताहेत, मी काही हात लावणार नाही, हे कळल्यावर हा माणूस आपणहून उठून ज्वारीच्या डब्याकडे गेला. दुसऱ्या दिवशीही उठला. मग रोजच. अंडी आम्ही खात नाही, ती गावातली अंगणवाडी चालवणाऱ्या संध्याकडे मुलांसाठी जाऊ लागली. पोहोचवायला हे स्वतः जायचे आणि गावातल्या चार गोष्टी घेऊन यायचे. सोमेश्वर पुन्हा कधी येऊच नये, असं मला मनापासून वाटायला लागलं.

आषाढात कोंबड्या वाळायला लागल्या. तुरे फिके पडले, पंख ओघळले. एका सकाळी ह्यांनी मला विष्ठा दाखवायला नेलं. नाश्त्याच्या आधी. त्यात पांढरे जंत वळवळत होते. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, जंत पडले, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

मग ह्यांनी घरगुती उपचार काढले. लसूण ठेचून पाण्यात, लाल भोपळ्याच्या बिया कुटून दाण्यात, कडुलिंबाचा पाला खुराड्यात टांगलेला. माझ्या स्वयंपाकाला लसूण उरेना. शिवाय हे सकाळ-संध्याकाळ बोअरच्या पाण्याने पाइप लावून खुराडं धुवायचे. आधीही धुवायचेच, आता तर देवघराला लाज वाटेल इतकं लख्ख. तरी तांबडी कोंबडी मेली. त्या दिवशी हे जेवले नाहीत आणि दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ती पाठ माझ्या चांगली ओळखीची होती.

कुणीतरी जंतांवर वावडिंग सुचवलं, म्हणून मी आमचे जैन शेजारी हुकमचंद यांच्या किराणा दुकानात गेले. भिंतीला भिंत लागून घर आमचं, पण दुकान चौकात. गल्ल्यावर त्यांची बायको प्रेमबाई बसली होती.

"एवढं वावडिंग कुणाला, उमाताई? नातू आलाय का?"

मी सगळं सांगितलं. जंत, तांबडी, ह्यांची पाठ. प्रेमबाईंनी पुडी बांधून दिली. संध्याकाळी हे झोपलेले असताना मागच्या दाराने आल्या, खुराड्यासमोर वाकल्या आणि पायाच्या अंगठ्याने माती दाबली. अंगठ्याभोवती पाणी जमलं.

"भाऊ रोज धुतात?"

"दोनदा."

"मंग औषधाचा काय फायदा? ओलीत जीव पडते, ताई. आमच्यात लहानपणीच सांगतात. जीव मारायचा न्हाई ना, म्हणून पैदाच होऊ द्यायचा न्हाई. पीठ कोरडं, ओटा कोरडा, अंगण कोरडं. ह्या कोंबड्या खाली शिटतात, त्यातली जंतांची अंडी ओलीत जगतात आणि कोंबड्या तीच पुन्हा टिपतात."

ज्या हातांनी हे कोंबड्यांना जपत होते, त्याच हातांनी त्यांना आजारी पाडत होते. हे त्यांना सांगायचं कुणी? तांबडी आपल्यामुळे गेली हे कळलं, तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही. मी प्रेमबाईंना तसं म्हटलंही.

त्यांनी अंगठ्याचा चिखल पायरीला पुसला. मग म्हणाल्या, "तुम्ही काही बोलू नका."

दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या दाराने आल्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले. हे खाटेवर उठून बसले.

"भाऊ, एक अर्ज हाय. आमचं चौमासं, म्हणजे तुमचा चातुर्मास, चालू झालंय. तुमचं पाणी भिंतीखालून आमच्या अंगणात येऊन राह्यलंय. शेवाळ धरलंय. पाय ठेवला का जीव चिरडते, पाप मला लागते. चौमासं सरेपर्यंत पाणी बिलकुल बंद ठेवता का? राख टाका, भुस्सा टाका, ओला झाला का बदला. तेवढी मेहरबानी करा."

"अहो, मेहरबानी कसली," हे ओशाळून म्हणाले. "मला आधी सांगायचं ना."

पाइप गुंडाळून ठेवला गेला. ह्यांनी वरची चिखलट माती काढून टाकली, राख पसरली, लाकडाच्या गिरणीतून भुस्सा आणला. डॉक्टरांकडून औषध आणून एक डोस पुन्हा दिला. वावडिंगही चालूच होतं, त्याने काय झालं ते वावडिंगालाच ठाऊक. पण जंत परत आले नाहीत. तुरे लाल झाले, संध्याकडे पुन्हा अंडी जायला लागली. रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून हे वावडिंगाचे गुण सांगायचे आणि मी मान डोलवायची. खरं पोटात ठेवणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. पण तेव्हा जमलं.

भाद्रपदात त्यांची संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणसं वर्षभरात कळत-नकळत केलेल्या चुकांची क्षमा मागतात. उपास सोडून दुसऱ्या दिवशी प्रेमबाई आमच्याकडे आल्या. चेहरा उतरला होता, पण उभ्याच राहिल्या.

"भाऊ, मिच्छामि दुक्कडम्. मी तुमच्याशी खोटं बोलले. तेही चौमाशात. तुमच्या पाण्याचा थेंब आमच्याकडं आल्ता न्हाई. खुराड्यात ओल होती, त्यानं कोंबड्या आजारी पडत होत्या. तसं तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली न्हाई."

मी ह्यांच्याकडे बघायचंही टाळलं.

"मला माहीत आहे," हे म्हणाले.

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"तुम्ही सांगून गेलात, तेव्हा भोक बुजवावं म्हणून सिमेंट घेऊन भिंतीपाशी गेल्तो. भोकच न्हाई. तुमच्या बाजूनं वाकून पाहिलं, अंगण खडखडीत कोरडं. म्हटलं, ही बाई पाणीसुद्धा गाळून पिते. ती आपल्याशी खोटं का बोलली असेल? विचार करता करता खुराड्यापाशी आलो आणि खाली पाहिलं. मंग कळलं सगळं."

"मंग बोलला न्हाईत ते?" मी विचारलं.

"काय बोलू? तांबडी माझ्या हातानं गेली. ते कळलं तेव्हा जाऊन पडावंसं वाटलं, उमा. खरंच वाटलं." त्यांनी प्रेमबाईंकडे पाहिलं. "पण मला वाईट वाटू नये म्हणून ह्यांनी चौमाशात खोटं बोलून आपलं व्रत मोडलं. असं कुणी आपल्यासाठी केल्यावर पडून राहायचं कसं?"

प्रेमबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ह्यांनी उठून त्यांना वाकून नमस्कार केला, वयाने मोठे असून. 'मिच्छामि दुक्कडम्' हे त्यांचे शब्द ह्यांना नीट म्हणता आले नाहीत. अडखळत, पण पूर्ण म्हणाले.

मी चहा ठेवायला आत गेले आणि ओट्याला धरून पोटभर रडले. ज्या माणसाला मी खरं सांगायला घाबरत होते, तो ते खरं घेऊन सगळा पाऊसकाळ रोज सकाळी माझ्या आधी उठत होता.