आगीचे डाग

संग्रहालयाच्या बाई खोलीच्या दारातच थांबल्या. एक पाय आत पडला होता, तोही त्यांनी मागे घेतला.

"या ना आत," भिंगकाका म्हणाले. "इथे सगळं स्वच्छच असतं."

बाई हलल्या नाहीत. समोरच्या भिंतीवर काळं कापड ताणून त्यावर धातूच्या पट्ट्या टांगल्या होत्या. वीतभर रुंद, किंचित बाक असलेल्या, आणि आरशासारख्या लख्ख. खाली टेबलाला घासायचं चाक बसवलेलं होतं. खिडकीशी काकू शिवणयंत्रावर वाकल्या होत्या. खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक करडी धूळ तरंगत होती. तीच धूळ खिडकीच्या कठड्यावर होती, यंत्राच्या झाकणावर होती, काकूंच्या केसांतही होती.

"या पट्ट्या घासल्या कुणी?" बाईंनी विचारलं.

"मीच." काकांचा चेहरा फुलला. "आणल्या तेव्हा बघायला हव्या होत्या. निळे, तपकिरी, कुठे काळपट असे डाग नुसते. भंगारातच पडल्या होत्या ना. एकेक पट्टी घ्यायची आणि चेहरा दिसेपर्यंत सोडायची नाही, असं ठरवलं."

काकूंना खोकला आला. तोंडावर हातातलं कापड धरून त्या बराच वेळ खोकत राहिल्या. मग ते कापड झटकून त्यांनी पुन्हा सुईखाली सरकवलं.

"काकू, तुम्ही जरा बाहेर येता का?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "आत्ता लगेच. काका, तुम्हीही या. आणि हे दार ओढून घ्या."

भिंगकाकांचं सगळं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेलं होतं. पुढच्या बाजूला मालक गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचे आणि पडद्यामागे हे चाकाशी बसून असायचे. ज्यांचे चष्मे त्यांनी केले त्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही. त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. पण निवृत्तीच्या थोडं आधी शहराबाहेरच्या अवकाश कारखान्याच्या जुन्या मालाचा लिलाव झाला. मित्राबरोबर सहज म्हणून ते गेले, आणि खोकंभर पट्ट्या घेऊन परतले. अंतराळात जाऊन आलेल्या एका कुपीच्या, म्हणजे छोट्या यानाच्या, मानेवरचं हे कवच आहे, असं लिलाववाल्याने सांगितलं होतं.

"अहो, इतकी हलकी?" काकूंनी पहिली पट्टी हातात घेऊन विचारलं होतं. "मला वाटलं होतं, दोघांनी उचलावी लागेल."

मागची खोली मुळात काकूंच्या शिवणकामाची. त्यांनी निम्मी नवऱ्याला दिली आणि निम्म्या भागात स्वतः बसू लागल्या. दुसरीकडे बसता आलं असतं, पण दुकानात असताना हा माणूस दिवसभर पडद्याआड असायचा. आता तो चार हातांवर होता. चाक थांबलं की यंत्राची खडखड ऐकू यायची आणि यंत्र थांबलं की चाकाची घरघर. मधूनच काका एखादी पट्टी काकूंपुढे धरायचे. "बघ, दिसतेस का?" काकू हसून म्हणायच्या, "म्हातारी दिसते. अजून जरा घासा."

गल्लीतली माणसं गमतीने म्हणत, की भिंगकाकांकडे आभाळातलं भंगार मिळतं. काका कुणालाही आनंदाने आत नेत, पट्टी हातात देत. "हात लावून बघा. ही वर जाऊन आली आहे."

बाई आल्या त्या दिवशी पुढच्या खोलीत बसल्यावर बाईंनी आपलं काम सांगितलं. ती कुपी त्यांच्या संग्रहालयाच्या मोठ्या दालनात ठेवलेली होती, पण मान उघडी. कवच चुकून भंगारात गेलं होतं आणि त्या कित्येक वर्षं ते शोधत होत्या.

"पण आता पहिलं काम वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "हा धातू बेरिलियम आहे. नुसता ठेवला तर काही करत नाही. घासला की त्याची धूळ होते, आणि ती धूळ श्वासातून आत गेली की फुप्फुसात बसते. पुन्हा बाहेर येत नाही. तुम्ही दोघांनी तपासणी करून घ्या. ती खोली आजपासून बंद ठेवा. झाडूसुद्धा मारू नका."



"आणि पट्ट्या तुम्ही घेऊन जाणार," काका म्हणाले.

"त्या सुरक्षित न्याव्या लागतील, हो."

"बाई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? पट्ट्या हव्यात तर हव्यात म्हणा. म्हाताऱ्या माणसांना घाबरवायचं कशाला?"

"काका, मी घाबरवत नाही."

"तुमच्याच लोकांनी हे भंगारात काढलं. मी उचललं नसतं तर वितळून त्याचे डबे झाले असते. इतकी वर्षं मी हातांनी सांभाळलं, त्याला रूप आणलं. आता तयार झालं, तर आलात न्यायला." ते उठले. "तिला दमा आहे. डॉक्टरांचं औषध चालू आहे. तुम्ही या आता."

बाई जिन्यापर्यंत गेल्या आणि वळल्या. दारात काकू उभ्या होत्या. "काकू, दम्याचं औषध लागू पडतंय का?" त्यांनी हळूच विचारलं. काकूंनी दार हळूच लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा सुरू झालं. उलट काका जास्तच वेळ बसू लागले, जणू कुणी काही हिसकावून नेण्याआधी काम उरकायचं होतं. काकू म्हणाल्या, "थोडे दिवस राहू द्या ना." तर म्हणाले, "तूही त्या बाईच्या नादी लागलीस?" काकूंनी यंत्र पुढच्या खोलीत हलवायचं म्हटलं, तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने हलवून दिलं, पण त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत. मधलं दार उघडंच राहायचं. काकू शिवताना मान वर करून त्या दाराकडे बघत. चाकाच्या आवाजात आता त्यांना दुसराच काहीतरी आवाज ऐकू येई. नंतर लक्षात यायचं, तो त्यांच्याच छातीतून येत असे.

मुलीने फोनवर विचारलं, "आई, तू धावत येऊन फोन घेतलास का?" काकू खुर्चीतच बसल्या होत्या.

एक दिवस काका नव्या पॉलिश कागदासाठी बाजारात गेले, तेव्हा काकू बसने संग्रहालयात गेल्या.

बाईंनी त्यांना दालनात न नेता तळघरात नेलं, कारण तिथे बसायला जागा होती आणि गारवा होता. दोन्ही बाजूंना कपाटं. एक खण बाईंनी ओढला. आत पांढऱ्या कागदावर करपलेल्या धातूचे तुकडे ठेवले होते.

"हे तर मळकंच ठेवलंय," काकू म्हणाल्या.

"तो मळ नाही, काकू. कुपी परत येताना हवेत तापून लाल होते. कुठे किती तापली, कुठून ज्वाळा गेल्या, ते या डागांवरून कळतं. तेवढीच खूण उरते त्या प्रवासाची. पुसली की मग तो नुसता पत्रा."

काकूंना भिंतीवरच्या लख्ख पट्ट्या आठवल्या. त्यांनी विषय बदलला. "हे खण बघायला कोण येतं?"

"फारसं कुणी नाही," बाई म्हणाल्या. "खरं सांगायचं तर मीच."

"आमच्या घरी गल्लीतली सगळी माणसं येऊन हात लावून जातात."

"तेच मला घाबरवतं."

काकूंनी होतं नव्हतं तेवढं धैर्य गोळा केलं. "एक विचारते. रागावू नका. तुम्हाला पट्ट्या हव्यात म्हणून तुम्ही तसं बोललात का?"

बाईंनी खण आत ढकलला. "पट्ट्या मला हव्यात, हे खरं आहे. आणि ती धूळ विषारी आहे, हेही खरं आहे. पहिल्यामुळे दुसरं खोटं ठरलं असतं तर मला बरं वाटलं असतं."

त्यांनी छातीच्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. काकू तिथूनच तिकडे गेल्या. रक्त दिलं, छातीचे फोटो काढले, आणि घरी येऊन नेहमीसारखा चहा टाकला. काका पॉलिश कागद पाण्यात भिजवत होते. "कुठे गेली होतीस?" त्यांनी विचारलं. "बटणं आणायला," काकू म्हणाल्या. लग्नानंतर त्या नवऱ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या होत्या, आणि ते इतकं सहज निघालं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी त्यांनी चाकाचं बटण स्वतः बंद केलं.

"अहो, तो दमा नाहीये," त्या म्हणाल्या. "त्या बाई म्हणाल्या तेच आहे."

 काकांनी हात पुसले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "मीही तपासून घेतो. मी तर नाक घालून बसतो त्यात. मला नसेल तर तुलाही नाही."

त्यांना नव्हतं. फुप्फुसं स्वच्छ, रक्त स्वच्छ. डॉक्टरांनी तसं सांगताच काका खुर्चीत पुढे सरसावले. "बघा. म्हणजे काहीतरी चूक आहे. धूळ माझ्या हातची, आणि मी ठणठणीत. ती तर बाजूला बसून शिवायची."

"हा आजार तसाच आहे," डॉक्टर म्हणाले. "काहींच्या अंगात ती धूळ वर्षानुवर्षं गेली तरी शरीर दखल घेत नाही. काहींचं शरीर थोड्याशा धुळीवरही उलटतं. कुणाचं कसं, ते आधी कळत नाही."

"औषध?"

"वेग कमी करता येईल. झालेलं परत फिरवता येत नाही."

काका स्वतःच्या छातीच्या फोटोकडे बघत राहिले. उजेडाच्या पाटीवर तो काकूंच्या फोटोशेजारीच लावलेला होता, काळा आणि नितळ. काकूंच्या फोटोत पांढुरकं जाळं पसरलं होतं. "माझा काढून ठेवा," ते म्हणाले. "तो बघवत नाही."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. बरंच अंतर गेल्यावर काका म्हणाले, "तू मला ओरड तरी."

"ओरडायला दम लागतो," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला तिथे बसायला आवडायचं. तुम्ही काही मला बांधून ठेवलं नव्हतं."

संग्रहालयाला फोन काकांनीच केला. माणसं आली ती नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात, तोंडावर श्वासाचे मुखवटे लावून. गल्ली गच्च्यांवर गोळा झाली. एरवी थट्टा करणारी माणसं आज गप्प होती. ज्यांनी पट्ट्या हातात घेतल्या होत्या ती आपापल्या तळव्यांकडे बघत होती. बाईंनी त्यांनाही तपासणी करून घ्यायला सांगितलं, तेव्हा एका शेजारणीने आपल्या मुलाला कवेत ओढलं आणि काकांकडे अशा नजरेने पाहिलं, की ते आत निघून गेले.

पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी पट्ट्या, चाक, काळं कापड, पडदे सगळं पिशव्यांत घालून तोंडं बंद केली. शिवणयंत्रही न्यावं लागलं. काकूंनी शिवून ठेवलेले कपडेसुद्धा.

"यांचं काय करणार?" लख्ख पट्ट्यांच्या पेटीकडे बोट करून काकांनी विचारलं.

"बंद पेटीत राहतील," बाई म्हणाल्या. "वर धोक्याची खूण. कुपीवर लावता येणार नाहीत."

"कुणाला दिसणारही नाहीत?"

"नाही."

काका कॉटखाली वाकले आणि जुन्या कागदात गुंडाळलेली एक पट्टी त्यांनी बाहेर ओढली. हातमोजे घातलेल्या माणसाने ती घाईने त्यांच्याकडून घेतली. कागद सुटला. तिच्यावर निळे आणि तपकिरी डाग पसरले होते, एका कडेला काळ्या ओघळासारखी रेघ होती.

"ही शेवटी घासणार होतो," ते म्हणाले. "सगळ्यात घाण होती, म्हणून ठेवून दिली होती."

बाई ती पट्टी बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनीही घातलेल्या मुखवट्याच्या काचेमागे त्यांचे डोळे नीट दिसत नव्हते. "ही लागेल," त्या म्हणाल्या. "दालनात लावली की तुम्हाला बोलावते."

"बघू," काका म्हणाले.

खोलीचं दार चिकटपट्ट्यांनी बंद करून माणसं निघून गेली. बाईंचं बोलावणं आलंही, पण तोवर काकूंना मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागत होती. बाहेर पडायचं ते फक्त डॉक्टरांकडे. घर तिसऱ्या मजल्यावर.

पहिल्यांदा गेल्या तेव्हा येताना काकू मधल्या पायऱ्यांवरच बसल्या. वरखाली करणाऱ्या शेजाऱ्यांना त्यांना ओलांडून जावं लागलं, आणि प्रत्येक जण जाताना श्वास रोखून धरत असल्यासारखा वाटला. पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी काकांनी घरातल्या लाकडी खुर्च्या खाली नेल्या आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक ठेवली. भिंतीला टेकून, जाणाऱ्याला अडचण होणार नाही अशी. घरात जेवायला बसायला दोन स्टुलं तेवढी उरली.

डॉक्टरांकडून परतताना काकू पहिल्या वळणावर बसल्या. मग दुसऱ्या. काका दोन पायऱ्या खाली औषधांची पिशवी धरून उभे राहत. तिला घाई वाटू नये म्हणून ते तिच्याकडे पाठ करत आणि समोरच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडा बघत राहत, जणू तिथे काही वाचण्यासारखं आहे. मागे तिचा श्वास चढत असे, अडत असे, पुन्हा चढत असे.

"चला," ती म्हणेपर्यंत ते वळत नसत.