जास्त उजेडाचे बल्ब

"काका, काचेला हात नका लावू!"

फिरतीवाल्यांनी नवा बल्ब काचेलाच धरून डोळ्यांजवळ नेला होता. वायरिंगवाल्याने तो हळूच काढून घेतला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसला.

"बोटाचं तेल लागतं काचेला. मग बल्ब तापला की फुटतो."

"नव्या नवरीपेक्षा नाजूक दिसतोय तुझा बल्ब," फिरतीवाले म्हणाले. "मला धट्टाकट्टा दे. उजेड पडला पाहिजे. गाडीचे लाइट पार गेलेत."

बाई दुकानाच्या दारातल्या बाकावर बसून ऐकत होत्या. आयुष्यभर औषधांच्या पेट्या घेऊन गावोगाव हिंडले म्हणून गल्लीत त्यांच्या नवऱ्याला सगळे फिरतीवाले म्हणत. निवृत्तीनंतर फिरती सुटली, नाव काही सुटलं नाही. बाई छापखान्यात मुद्रितं वाचायच्या. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर पेन्सिल धरून ताडून पाहायचं, अशी तिथली रीत. मोठ्याने वाचायचं काम बाईंचं. घसा बसला तरी त्यांनी कधी ओळ गाळली नाही. तिथे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे, तेच पुढे घरीही रुळलं.

वायरिंगवाल्याने गाडी दुकानामागच्या पांढऱ्या भिंतीसमोर घेतली आणि दिवे लावले. दिवस कलला होता. भिंतीवर दोन पिवळे, नीटस आखलेले पट्टे उमटले. त्याने मीटर लावून पाहिलं, दिव्यांच्या आतल्या वाटीची चकाकी पाहिली आणि डोकं खाजवलं.

"काका, लाइट फर्स्ट क्लास आहेत की. एवढ्या जुन्या गाडीचे असे मी पाहिले नाहीत."

"भिंतीवर काय, काडी ओढली तरी उजेड पडतो."

"तसं नाही काका. करंट बरोबर येतोय, फोकसही जागेवर आहे." त्याने बाईंकडे पाहिलं. "काकू, तुम्हाला कमी वाटतात का?"

प्रश्न साधा होता. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. त्या क्षणी एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"भिंतीवर ठीक दिसतात," त्या म्हणाल्या, "रस्त्यावर पडत नाहीत हो."

फिरतीवाल्यांनी विजयाने मान हलवली. वायरिंगवाल्याने खांदे उडवले. गिऱ्हाईकच म्हणतंय तर त्याचं काय जात होतं?

त्याने फळीवर बल्ब मांडले. हा साधा, आत्ता आहे तसाच. हा तेवढ्याच वॅटचा, पण तेज जास्त आणि आयुष्य कमी. हा दुप्पट वॅटचा, याला वेगळी वायर आणि रिले टाकावा लागेल, नाहीतर होल्डर वितळतो. आणि हा एलईडी, दुधासारखा पांढरा.

"हाच," फिरतीवाले म्हणाले.

"याचं असं आहे काका, तुमच्या गाडीची वाटी जुन्या बल्बसाठी बनलेली. यात एलईडी घातला की उजेड सैरावैरा पळतो. तुम्हाला वाटेल खूप पडलाय, पण समोरून येणारा आंधळा होतो."

"समोरच्याने आपलं आपण बघावं."

"अहो!" बाई म्हणाल्या.

"बरं, बरं. मग तो दुप्पटवाला टाक. रिले का फिले, जे लागेल ते घाल."

वायरिंगवाला बॉनेटखाली वाकला. दोघं बाकावर चहाचे पेले घेऊन बसले. काढलेले जुने बल्ब त्याने एका फडक्यावर ठेवले होते. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. या पिवळ्या उजेडात त्यांचा संसार घरी परतला होता. फिरतीवरून येताना ते छापखान्याच्या दाराशी गाडी लावत. मागच्या सीटवर औषधांच्या पेट्यांना टेकून लेक झोपलेला असे आणि गाडीभर खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास. बाई दिवसभर वाचून दमलेल्या. तोंडातून शब्द काढू नये असं वाटायचं, आणि फिरतीवाल्यांनाही ते कळायचं. तासन्‌तास दोघं न बोलता जात. पुढे पिवळा उजेड आणि त्यात उलगडत येणारा रस्ता. रेल्वेचं फाटक बंद असलं की दिवे मालवून दोघं मालगाडी जायची वाट बघत. फार सुखाचे दिवस होते ते. तेव्हा कळलं नव्हतं एवढंच.

आता गाडीत गप्प बसायची सोय उरली नव्हती. सुरुवात दोन हिवाळ्यांमागे झाली. "त्या पाटीवर काय लिहिलंय गं?" असं फिरतीवाल्यांनी सहज विचारलं होतं. बाईंनी वाचून दाखवलं. मग पुढची पाटी. मग पाटी नसली तरी. "डावीकडे सायकल, स्वल्पविराम, पुढे खड्डा, पूर्णविराम." आधी चेष्टा होती, दोघंही हसायचे. हळूहळू हसणं गळालं आणि वाचणं राहिलं. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत बाई रस्ता वाचत आणि फिरतीवाले चाक फिरवत. हे काय चाललंय ते दोघांनीही कधी उच्चारलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लेकाला कळलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी गाडी विकली असती. आणि गाडीवाचून या माणसाने काय करायचं? खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या?

पण मागच्या आठवड्यात बाईंना शिंक आली. एकच शिंक, आणि ओळ गळली. त्या ओळीत एक हातगाडी होती. ब्रेक लागला तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती. हातगाडीवाल्याने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बाईंना तो मनापासून पटला. घरी येऊन फिरतीवाले बराच वेळ चपला काढत बसले. मग म्हणाले, "गाडीचे लाइट गेलेत." बाईंनी तो शब्द बुडत्याने काडी धरावी तसा धरला होता. असेलही. बल्बच असेल. जुनी गाडी आहे.

"झालं काका!"

भिंत लख्ख उजळली. पोपडे, कोळ्याचं जाळं, कुणीतरी खिळ्याने ओरखडलेलं बदामाचं चित्र, सगळं उघडं पडलं.

"याला म्हणतात उजेड," फिरतीवाले म्हणाले. पण ते भिंतीकडे पाहत नव्हते. त्यांची नजर बाईंकडे होती.

निघताना बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. बाजार संपला की मोकळा रस्ता लागतो, तिथे तोंड उघडायचं नाही. दिसलं तर देव पावला. नाही दिसलं तर घरी गेल्यावर लेकाला फोन आपणच करायचा, मग त्यांनी जन्मभर अबोला धरला तरी चालेल. एक हात त्यांनी हँडब्रेकवर ठेवला.

बाजारभर त्या वाचत गेल्या. शेवटचं दुकान मागे पडलं आणि त्या थांबल्या.

रस्ता रिकामा होता. नव्या उजेडात बाईंना कडेचा खडा न्‌ खडा दिसत होता, पुसट पांढरी रेघ दिसत होती, लांबवर दगडांचा ढीग दिसत होता. इतका उजेड या गाडीने आयुष्यात पाडला नव्हता. फिरतीवाले मान पुढे काढून बसले होते. वेगाचा काटा खाली येऊ लागला. गाडी आणखी हळू झाली, मग चालत्या माणसासारखी. त्यांनी चाक डावीकडे घेतलं, टायर मातीत उतरले आणि गाडी थांबली. ढीग अजून लांब होता.

बाईंचा हात हँडब्रेकवरच होता.

"वाच ना," ते म्हणाले.

"उजेड आहे की भरपूर."

"आहे गं. उजेडच उजेड आहे." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "कोरं पान आहे नुसतं. तू वाचतेस तेव्हा त्यावर काहीतरी उमटतं."

बाईंना वाटलं होतं, हे ते तोंडाने कबूल करतील तेव्हा आपल्याला राग येईल. राग आला नाही, रडू आलं.

"डॉक्टरांना विचारलंत?"

"पावसाळ्याआधीच. आतला पडदाच गेलाय म्हणाले. चष्म्याचं काम नाही. तुला म्हटलं होतं, सगळं ठीक आहे."

"आणि मी त्या पोराला म्हटलं, लाइट रस्त्यावर पडत नाहीत."

"ऐकलं ना मी."

"दोघं सारखेच."

"हातगाडी तुझ्यामुळे नाही वाचली," ते म्हणाले. "तो हातगाडीवाला आधीच ओरडला म्हणून वाचली. लेकाला मीच सांगतो. माझं मीच सांगितलेलं बरं."

त्यांनी किल्लीला हात लावला, पण ती काढली नाही. दार उघडून ते उतरले, टपावर हात ठेवून चाचपत मागून वळसा घालून आले आणि बाईंच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"सरक तिकडे."

"मी? छापखाना सुटल्यापासून चाक धरलेलं नाही मी."

"मी शिकवलंय ते विसरशील कशी? ओरडून ओरडून शिकवलंय."

बाईंनी पदर खोचला, पलीकडे सरकल्या, सीट पुढे ओढली, आरसा वळवला. क्लच जडच होता, पूर्वीसारखा. गाडीने दोन गचके खाल्ले आणि रस्त्याला लागली. फिरतीवाले हात मांडीवर ठेवून समोर बघत होते. ते शिकवण्याचे दिवस सोडले तर बाईंनी त्यांना या बाजूला बसलेलं पाहिलंच नव्हतं. दगडांचा ढीग आला आणि गेला. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले,

"आता फाटक येईल. हळू घे."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रेल्वेने रूळ उखडून मार्ग पलीकडून नेला त्याला जमाना झाला होता. फाटकाच्या जागी आता सरळ, गुळगुळीत रस्ता होता.

"अहो, फाटक कधीच गेलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मला दिसतं ते वाचतोय. चुकत असेल तर पेन्सिल तुझ्या हातात आहे."

बाईंनी वेग कमी केला. पूर्वी जिथे फाटक होतं तिथे गाडी कडेला घेऊन उभी केली.

"मालगाडी आहे," फिरतीवाले म्हणाले. "लांबलचक दिसतेय."

"असू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दिवे बंद केले.