फक्कीच्या आत

“अवो मॅडम, किती हालवताय? खुळखुळा हाय का तो!”

बिभीषण सर हसून म्हणाले खरे, पण त्यांची नजर मरियाच्या हातांवरून हलत नव्हती. तिने बॅट पुन्हा कानाशी धरून हलवली. मग उभी धरून हळूच जमिनीवर आपटली. आधीच्या पोकळ, धातूच्या बॅटी खणखणीत वाजल्या होत्या. ही बद्द वाजली, तडा गेलेल्या माठासारखी.

सोनईच्या मैदानात ताडपत्रीवर दोन्ही संघांचं सामान तपासणीसाठी मांडलं होतं. शालेय मुलींच्या जिल्हा सॉफ्टबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. जिंकेल तो संघ विभागाला जाणार. नगरच्या शाळेकडे तर बॅटींची पिशवीच होती. शेवगावकडून आलेल्या बिभीषण सरांच्या संघाकडे ही एकच. मरिया मुख्य पंच. बाळंतपणानंतरचा तिचा हा पहिलाच मोठा सामना.

“चिकटपट्टी सोडते, सर.”

“कशाला मॅडम? ग्रिप फाटली म्हनून गुंडाळलीय नुसती.”

तिने नख घालून काळ्या पट्टीचं टोक सोडवलं. खाली, बॅटच्या मानेपाशी, ठोकलेले रिव्हेटचे खिळे चमकले.

“मामानं केलंय,” मागून ज्ञानेश्वरी म्हणाली. ती त्या संघाची कर्णधार, काटकुळी, पण आवाज भारदस्त. “चिरली हुती ना. मामाचं फॅब्रिकेशनचं दुकान हाय. आतून लोखंडी नळी घातलीय. आता वरून ट्रॅक्टर गेला तरी मोडायची न्हाई!”

बिभीषण सरांनी कपाळावर हात मारला. “लई शहानी हायेस गं. अजून काय सांगायचं ऱ्हायलं असंल तर सांगून टाक.”

पोरी फिदीफिदी हसल्या. मरियाला मात्र हसता येईना. चिरलेल्या बॅटचा पुढचा भाग फटक्यासरशी निसटला, तर समोर चेंडू टाकणाऱ्या पोरीचं तोंड काही फार लांब नसतं.

“ही चालणार नाही, बाळा. आत काही घातलेली बॅट म्हणजे बदललेली बॅट. ती घेऊन नुसती खेळायच्या चौकटीत आलीस, या पांढऱ्या फक्कीच्या आत पाय टाकलास, तरी तू बाद. चेंडू खेळायचीही गरज नाही. वर मैदानाबाहेर जावं लागेल. कळलं?”

“व्हय,” ज्ञानेश्वरी म्हणाली. पण तिची नजर बॅटवर होती.

“आमच्यातली घ्या की,” नगरच्या संघाचे राधाकृष्ण सर पलीकडून म्हणाले. शाळांच्या सामन्यात हे चालायचंच. एकाकडे नसेल तर दुसऱ्याची बॅट घ्यायची, आणि तिनेच त्याला हरवायचं. कुणाला त्यात काही वाटत नसे.

मरियाने ती बॅट गुणलेखकाच्या टेबलाखाली ठेवली आणि सामना सुरू करायला सांगितलं.

मैदानाच्या कडेला लिंबाखाली तिच्या सासूबाई, छबूबाई, तान्ह्या एंजलला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एक डाव संपला तशी मरिया पाणी प्यायच्या निमित्ताने तिकडे गेली.

“बाटलीला तोंड लावंना बघ,” छबूबाई म्हणाल्या. “तुलाच हुडकतीय. पन तू जा. तुझं ते बाद-नाबाद बघ. दोन्हीकडं जीव ठिवलास तर दोन्ही बिघडंल.”

“थोडाच वेळ आहे, आई.”

“जा म्हनलं ना.”

ती परत चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागे जाऊन वाकली. ऊन चढत होतं. मुखवट्याच्या जाळीतून घाम डोळ्यांत उतरत होता. चेंडू बघावा तर कान लिंबाकडे, कान आवरावेत तर छाती जड झालेली. मागे कुणीतरी म्हणालंच, “पोर घेऊन पंचगिरी करायला आल्यात.” तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण पुढचा चेंडू जरा जास्तच मोठ्याने पुकारला.

ज्ञानेश्वरी दोनदा खेळायला आली आणि दोन्ही वेळा हुकली. नगरची बॅट तिला पेलतच नव्हती. “हातात बसंना वो सर ती,” असं ती परतताना म्हणाली, ते मरियाने ऐकलं होतं.

शेवटचा डाव आला. बिभीषण सरांचा संघ एका धावेने मागे. एक गडी बाद, एक मुलगी तिसऱ्या बेसवर उभी. आता एक बरा फटका बसला की बरोबरी. पोरी ओरडत होत्या, “ज्ञाने! ज्ञाने!”

आणि ज्ञानेश्वरी आली.

मरियाने लांबूनच ओळखलं. दांड्याला काळी चिकटपट्टी. अर्धवट सुटलेलं तिचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. टेबलापाशी सगळेच उठून खेळ बघत होते, त्या गडबडीत तिने ती कधी उचलली कुणास ठाऊक. पोरीचा चेहरा ओठ दाबून घट्ट झालेला.

अजून वेळ होता. चौकटीत यायच्या आत ‘मागे फिर, बॅट बदल’ एवढं म्हटलं की काम झालं. कुणी बाद नाही, कुणाला शिक्षा नाही. पंचाने आधी अडवावं, मग शिक्षेकडे वळावं, हे ती स्वतःच नवीन पंचांना शिकवायची. तिने हात वर करायला घेतला.

तेवढ्यात लिंबाखालून एंजलने टाहो फोडला.

मरियाची मान वळली. वळवली नाही, वळलीच. क्षणात दूध दाटून आलं, निळ्या शर्टाच्या आत ओल पसरली. छबूबाई उठून पोरीला खांद्यावर घेत होत्या. बस, एवढंच बघितलं तिने.

मान परत फिरवली तेव्हा ज्ञानेश्वरीचा डावा पाय फक्कीच्या आत होता. उजवाही.

मरियाचा हात तसाच अर्धवट राहिला. मैदानात कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. राधाकृष्ण सर आपल्या पोरींना मागे सरकायला सांगत होते. दुसरा पंच लांब दुसऱ्या बेसशी. ‘टाईम’ म्हणावं, पोरीला दंडाला धरून बाहेर काढावं, बॅट बदलायला लावावी. कोण विचारणार? चूक तर माझ्या मानेची आहे, तिची कुठंय?

मग तिने खाली पाहिलं. कॅचर मान वर करून तिच्याकडेच बघत होती. नगरची कुठलीशी पोर, ज्ञानेश्वरीच्याच वयाची. तिने काळी पट्टी पाहिली होती. आता मॅडम काय म्हणतात, याची ती वाट बघत होती.

“टाईम!” मरियाने हात वर केला. “बॅट बदललेली आहे. खेळाडू बाद. मैदानाबाहेर.”

बिभीषण सर धावतच आले.

“काय लावलंय मॅडम हे? चेंडू तरी आला का अजून? आन् पोरगी आत कुठं हुती? बाहेरच हुती की! तुमचं ध्यान तिकडं लेकराकडं! तुमी बघितलंच न्हाई!”

ते म्हणत होते त्यातलं अर्धं खरंच होतं.

“सर,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“तू गप ऱ्हा!”

“सर, मी आत हुते. दोन्ही पायांनी.” तिने बॅट मरियासमोर धरली. “टेबलाखालनं मीच आनली. मॅडमनी सकाळी सांगितलं हुतं.”

बिभीषण सरांनी तिच्याकडे, मग बॅटकडे पाहिलं. मग मान खाली घालून, हात मागे बांधून परत फिरले.

मरियाने बॅट घेतली. दांडा ओला होता घामाने.

पुढची मुलगी खेळायला आली, पण ती भांबावून उभीच राहिली. संघाकडे हेल्मेटही एकच होतं, ते ज्ञानेश्वरीच्या डोक्यावर. ज्ञानेश्वरीने ते काढलं. जर्सीचं टोक आत घालून हेल्मेट आतून नीट पुसून घेतलं, कानापाशीसुद्धा. मग त्या मुलीच्या डोक्यावर बसवलं, हनुवटीखाली पट्टा लावून दिला आणि तो फार आवळला नाही ना, हे दोन बोटं घालून पाहिलं.

“बघून खेळ,” ती हळूच म्हणाली.

मग ती मैदानाबाहेर चालू लागली. जाताना वाटेत फक्कीची रेष आली, ती पुसली जाऊ नये म्हणून तिने लांब पाय टाकून ओलांडली.

मरियाने मुखवटा चढवला आणि वाकली.

“प्ले,” ती म्हणाली.