मागील सभेचं इतिवृत्त

तैपिंग गावातल्या हक्का या चिनी समाजाच्या मंडळाचं दप्तर सोमवारी सरकारी अभिलेखागारात जायचं होतं. मंडळात माणसंच उरली नाहीत, तर दप्तर सांभाळणार कोण? एकाहत्तर वर्षांची सेक्रेटरी न्युक मोय एकटीच खोकी भरत बसली होती. तिच्या आधी हे काम तिच्या वडिलांचं. त्यांच्या दप्तरात चूक शोधूनही सापडायची नाही, असं ती चारचौघांत अभिमानानं सांगायची.

१९४९ची वही चाळताना तिचा हात थबकला.

थेन यीन या सभासदाला काढून टाकल्याचा ठराव होता. इंग्रजांशी लढणाऱ्या जंगलातल्या बंडखोरांना तांदूळ पोचवल्याचा नुसता संशय, पण पोलिसांच्या धाकानं सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. मंडळाचा नियम मात्र कडक. ठराव पुढच्या सभेत मोठ्यानं वाचायचा, हात वर झाले तरच तो पक्का. पुढच्या सभेच्या पानावर वडिलांनी लिहिलं होतं, 'मागील इतिवृत्त वाचले नाही. पुढे पाहू.' पुढे कोणीच पाहिलं नाही. तरी सभासदांच्या यादीत यीनच्या नावावर काट होती, तीही वडिलांच्याच हातची.

म्हणजे ठराव कधी पक्का झालाच नव्हता. यीन तुरुंगात मेला, त्याला थडगंही नाही. त्याचा मुलगा फूक दर चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, यायचा. मंडळाच्या देव्हाऱ्यात बापाच्या नावाची लाकडी पाटी लागावी, तिच्यापुढे उदबत्ती जळावी, एवढंच त्याचं मागणं. "यादीत काट आहे, दादा. मी काय करू?" असं म्हणून तिनं तीस वर्षं त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. आणि गेल्याच महिन्यात मंडळ बंद व्हायचं म्हणून तिनं पुजारी बोलावून सगळ्या पाट्या अग्नीला दिल्या, देव्हारा उतरवला.

पान फाडलं तर कोणाला कळणार? हा विचार तिच्या मनात आला. पण आता आणखी लपवण्यात काय अर्थ? मग तिनं फूकला फोन लावला.

ब्याऐंशी वर्षांचा फूक काठी टेकत आला. तिनं सगळं सांगितलं.

"बाबांची चूक झाली, दादा."

"चूक? चहात मीठ पडलं तर चूक म्हणतात, मोय."

तिनं खाली मान घातली. "तुझे वडील मंडळातून निघालेच नव्हते, म्हणजे वारसाहक्कानं तूही सभासद. आपण सभा घेऊ." तिनं तो जुना ठराव मोठ्यानं वाचला. "कोणाची मान्यता?"

कोणाचाच हात वर झाला नाही. 'नामंजूर', तिनं वहीत लिहिलं.

"आणि पाटी?"

"आता कुठे लावू रे? देव्हाराच राहिला नाही."

फूक रिकाम्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्यानं वहीवर बोट ठेवलं. "मला तीस वर्षं परत कोणी धाडलं? तेही लिही. वही न उघडता धाडलं, असं लिही. सगळं मेलेल्या माणसावर ढकलू नकोस."

तिनं लिहिलं.

"वाच आता, मोठ्यानं."

ती वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीत, 'वही न उघडता' या शब्दांशी, ती अडली. फूक वाट बघत थांबला, पण "राहू दे" म्हणाला नाही.