वळणावरची खडी

अण्णा खडीच्या खाणीत लोडर चालवायचे. बकेटमध्ये किती वजन आलं ते आपल्याला बसल्या जागी कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे साहेबांनी लोडरलाच वजनाचा काटा बसवला तेव्हा अण्णांचं डोकं फिरलं. बकेट वर उचलली की काचेशेजारच्या पडद्यावर आकडा यायचा, आणि ट्रकमध्ये मर्यादेपेक्षा जास्त माल पडला की तो पडदा कोकलायला लागायचा.

"गप रे," अण्णा त्याला दटावायचे. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून भरतोय मी."

पडदा कोकलायचा तो मात्र एकाच ट्रकला. तो ट्रक अण्णांच्या व्याह्यांचा होता.

अण्णांची एकुलती एक लेक ठकी त्यांच्या घरी दिली होती. लग्न झाल्यापासून अण्णांच्या जिवाला एकच घोर. पोरीला सासरी नीट वागवतात का? फोनवर ठकी "छान चाललंय" म्हणायची. पण लहानपणी तापाने फणफणलेली असतानाही ती छानच म्हणायची, तेव्हा तिच्या बोलण्यावर किती विसंबायचं! मग अण्णा आपल्या परीने व्याह्यांची मर्जी राखायचे. बाकीच्यांचा ट्रक भरला की हॉर्न, पुढचा या. व्याह्यांच्या ट्रकात मात्र शेवटी अर्धी बकेट वरून. जास्त माल पोचवला तर ड्रायव्हरचं नाव होतं, असा त्यांचा साधा हिशेब. व्याही खिडकीतून हात जोडायचे आणि उताराला लागायचे.

उतार संपला की फाटकावर मोठा काटा होता. जादा भरलेली गाडी तिथून माघारी धाडत. व्याह्यांची गाडी एकदाही माघारी आली नव्हती. म्हणजे पडदा खोटारडा आणि अण्णा खरे, हे उघडच होतं.

शेवटी काटा बसवणाऱ्या बाई तपासायला आल्या. बकेटला चिकटलेला चिखल त्यांनी अण्णांकडून खरवडून घेतला, रिकाम्या बकेटवर काटा शून्यावर आणला आणि म्हणाल्या, "आता सावकाश उचला. हिसका दिलात तर आकडा चुकेल."

दिवसभर वरचे आकडे आणि फाटकावरचे आकडे ताडून पाहिले. सगळे ट्रक तंतोतंत जुळले. व्याह्यांचा तेवढा जुळेना.

"वर पाचशे किलो जास्त, खाली बरोबर," साहेब म्हणाले. "म्हणजे खडी वाटेत गळते. उद्या मागावर माणूस ठेवतो."

अण्णांना ते पटेना. व्याही आणि चोर? आणि चोर ठरलेच, तर ठकीने कुठल्या तोंडाने त्या घरात वावरायचं? आळ आणला कुणी, तर तिच्याच बापाच्या लोडरने!

"माणूस कशाला, साहेब," ते म्हणाले. "मीच बघतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी अर्धी बकेट वरून घातली, पडदा नेहमीसारखा कोकलला, व्याह्यांनी हात जोडले. ट्रक हलताच अण्णांनी लोडर जोडीदाराच्या हवाली केला आणि मधल्या पायवाटेने धापा टाकत उतारावरचं, वरून न दिसणारं वळण गाठलं.

ट्रक कडेला उभा होता. शर्ट आरशाला टांगलेला, आणि व्याही खडीवर चढून फावड्याने ती खाली लोटत होते. अंगातून घामाच्या धारा. शेजारी खडीचा चांगला ढीग, आणि वळणावरचे सगळे खड्डे नीट बुजवलेले.

"व्याहीबुवा! अहो, हे काय?"

व्याही चपापले. मग ओशाळून हसले. "सापडलो म्हणायचं! एवढं ओझं घेऊन पुढचा उतार धड उतरता येत नाही. ब्रेक तापतात."

"मग नको म्हणायचं! तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"पहिल्या दिवशीच म्हणणार होतो. पण तुम्ही इतक्या मायेनं घातलीत… नको म्हटलं असतं तर सोयरिकीत काही बिनसलं असं तुम्ही मनाला लावून घेतलं असतं. तुमचा स्वभाव काय मला ठाऊक नाही?" त्यांनी फावडं टेकवलं. "त्यापेक्षा हे बरं."

"आणि पाठ? गुडघे?"

"त्याला तुमची लेक आहे की. संध्याकाळी तेल गरम करून ठेवते. वर मलाच दम देते, 'मामंजी, बाबांना सांगाल तर याद राखा, ते उगीच कष्टी होतील.' सासऱ्याला दम देते हो! आम्ही घरातले सगळे तिला टरकून असतो."

अण्णांना हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. ठकी जिथे दम देते, तिथे ती सुखात आहे. हे त्यांना फोनवर कधी कळलं नव्हतं. त्यांना फार फार बरं वाटलं, आणि या माणसाचे उपकार कसे फेडावेत ते कळेना.

"द्या ते फावडं इकडे," एवढंच ते म्हणाले. उरलेली खडी त्यांनी स्वतः उतरवली.

वर आल्यावर त्यांनी साहेबांना सरळ सांगून टाकलं. "काटा खरा आहे, साहेब. व्याहीही खरे आहेत. चूक माझ्या हाताची." साहेबांनी स्वतः जाऊन ढीग पाहिला, बुजवलेल्या खड्ड्यांवरून दोनदा फेरी मारली आणि विषय मिटवला.

पुढच्या खेपेला अण्णांनी बकेट सावकाश उचलली. आकडा भरला तसा त्यांनी हात आवरला. पडदा चूप होता.

व्याह्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "एवढंच का, व्याहीबुवा? लेकीकडच्यांनी हात आखडता घेतला वाटतं!"

"एवढंच," अण्णा म्हणाले. आज हात त्यांनी जोडले.

ट्रक उताराला लागला. अण्णांनी लोडर बंद केला आणि कान देऊन ऐकत राहिले. वळण आलं, आणि ट्रक न थांबता पुढे गेला.